बांधाची राखण

हिबा अभ्यास मोठ्याने करायची, त्यामुळे तिच्या आईला, ताहेरुन्निसाला, हॉलंड देश स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कळला. आखातातल्या अल थुमामातला फ्लॅट तो केवढा, सगळं ऐकू यायचं. फुलं विकून, चीज विकून, भलंमोठं बंदर चालवून तिथली माणसं गबर झालेली. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यांची जहाजं मिरी-लवंगांच्या नादात पार आपल्या वेंगुर्ल्यापर्यंत आलेली. आणि एवढे श्रीमंत लोक कामावर जातात ते सायकलवर, याची तर तिला फार गंमत वाटायची.

हिबाचा निकाह ताहेरुन्निसाच्या नणंदेच्या मुलाशी, रॉटरडॅममध्ये वाढलेल्या उसामाशी, २००६ साली झाला होता. पण तिकडच्या नव्या कायद्याने नवऱ्याकडे जायचं तर आधी वकिलातीत बसून, फोनवर, त्यांच्या भाषेत, त्यांच्या देशाची परीक्षा द्यायची. नापास झालं की व्हिसा नाही. हिबाचा सगळा जीव त्या परीक्षेत अडकला होता.

आईचा भलतीकडेच अडकला. एका दुपारी हिबाने वाचलं, की त्या देशाचा चौथा हिस्सा समुद्राच्या पातळीखाली आहे आणि १९५३च्या वादळात बांध फुटून अठराशेच्या वर माणसं बुडाली. ताहेरुन्निसाची तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली.

ती रायगडातल्या खाडीकाठची. तिच्या गावची शेतंही अशीच, मातीच्या बांधाआड, भरतीच्या पाण्याहून खाली. अमावस्या-पुनवेला मोठं उधाण आलं की घराघरातला एकेक माणूस पाळीने बांधावर राखणीला बसायचा. एका पुनवेला तिचा भाऊ महमूद बसला होता. त्याला डुलकी लागली आणि बांधाला खांड पडली. खारं पाणी घुसून शेतं अशी मेली, की पुढे कितीतरी वर्षं भात पिकला नाही. महमूद आखातात आला तो त्या लाजेपायीच.

हिबा पास झाली. तिच्या अब्बांनी, नसरुद्दीनने, सूक वाकिफच्या बाजारातून मिठाई आणून शेजारीपाजारी वाटली. ताहेरुन्निसाच्या डोक्यातून तो बांध मात्र जाईना. शेवटी तिने जावयाला फोन लावला.

"उसामा, बाबा, तुमच्याकडं बांधाच्या राखणीला कवा बसावं लागतं? दर उधाणाला?"

"राखण? मामी, इथं कोन नाय बसत. सगळं सरकार बघतं. पंप हायत, मशिनी हायत."

"आनि उधाणाला जागं कोन असतं?"

"म्हाईत नाय." तो हसला. "बांध कुठं हाय, ते पन मला नक्की म्हाईत नाय."

त्या हसण्याने ती हबकलीच. समुद्राखाली संसार करायचा आणि बांध कुठे आहे ते ठाऊक नाही. "मग हिबाला मी पाठवत नाय," असं म्हणून तिने फोन ठेवला.

घरात रणकंदन झालं. हिबा रडरड रडली. "अम्मी, धिस इज नॉट युवर व्हिलेज," म्हणाली. नसरुद्दीनने समजावलं, मग चिडला, मग "इन्शाल्ला, होईल सगळं" म्हणत कामावर निघून गेला. लेकीचा संसार आपणच अडवून धरलाय हे ताहेरुन्निसाला कळत होतं. स्वतःची लाजही वाटत होती. पण डोळे मिटले की पाणी दिसायचं.

काही दिवसांनी उसामाचा फोन आला. पलीकडून वाऱ्याचा नुसता घोंघाट ऐकू येत होता.

"मामी, मी बांधावर उभा हाय. आज पुनव हाय, कॅलेंडरात बघून आलो."

"पानी कुठल्या अंगाला उंच?"

"डाव्या. उजव्या अंगाला घरं. घरांचे खालचे मजले पान्याच्या खाली हायत, मामी. मी इथंच वाढलो, पन हे कवा बघितलंच नव्हतं. मला भ्या वाटलं."

ताहेरुन्निसा खुर्चीत टेकली. इतके दिवस या घरात घाबरणारी ती एकटीच होती.

"एकटाच हायस?"

"व्हय."

"थंडी?"

"लय हाय."

तिने हिबाला हाक मारली आणि फोन तिच्या हातात दिला.

"त्याला घरी जायला सांग," ती म्हणाली. "आनि तुझी जायची तारीख ठरव. दोघं असलाव म्हंजे एकाला तरी निजता येल."