गल्लीतलं हिरवं दार

बांधकामावरच्या पहिल्याच दिवशी मनकर्णाबाईनं मला सगळं शिकवलं. चुंबळ किती जाड ठेवायची, भरलं घमेलं घेऊन जिना कसा चढायचा, आणि पाणी किती प्यायचं.

"सकाळी एक गिलास, जेवताना एक. बाकी नुसतं तोंड ओलं करायचं," ती म्हणाली. "माणसं भिंतीमागं जातात. आपन कुठी जाऊ, माय?"

मनकर्णाबाई आमच्या सावली तालुक्यातलीच. वीस उन्हाळे तिनं चंद्रपुरात तराईचं काम केलं. म्हणजे नव्या खांबांना पोती गुंडाळायची आणि ती दिवसभर भिजवत राहायची, उन्हानं सिमेंट तडकू नये म्हणून. माझा नवरा धनराज ऊर्जानगरकडे दुसऱ्या कामावर होता. मी इथे माल वाहत होते, आणि आमची आठ महिन्यांची चिमी जिन्याखाली झोळीत असायची.

मे लागला तशी चिमी अंगावर पिताना चिडायला लागली. ओढायची, सोडायची, रडायची. दूध आटत चाललं होतं. मनकर्णाबाईनं नजर म्हणून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. माझ्या दोन गिलासांचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

त्या मंगळवारी बाराच्या सुमारास मला थंडी वाजायला लागली. भर उन्हात अंगावर काटा आणि घाम एकदम बंद. मला हसूच आलं.

"बाई, मले थंडी वाजून राह्यली," मी म्हटलं.

तिनं माझ्या कपाळाला हात लावला आणि डोक्यावरचं घमेलं ओढून फेकून दिलं. पुढचं मला अर्धंमुर्धं आठवतं. बाकीचं आमच्यासोबत काम करणाऱ्या रंभानं सांगितलं.

मनकर्णाबाईनं जवळच्या खांबाची ओली पोती सोडली, मला जिन्याखाली आडवं केलं आणि खांबाला गुंडाळतात तसं गुंडाळलं. मुकादम देवराव धावत आला.

"अवं, कालच भरला हाय तो खांब. उघडा ठेवला तं तडकन ना."

"तडकू द्या. खांब पुन्हा भरता येते, देवरावभाऊ. हिचं लेकरू अंगावर पेते अजून."

देवराव नळाकडे वळला. मग स्वतःच पाइप ओढत आणला आणि ऑटो येईपर्यंत माझ्या अंगावर पाणी सोडत राहिला. रंभा म्हणते, एवढ्या हळू हातानं पाणी मारताना तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

दवाखान्यात दोन सलाइन लागल्या. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?"

"दोन गिलास."

"बाळाला पाजता ना? मग एवढं कमी का?"

धनराज शेजारी उभा होता. मी छताच्या पंख्याकडे बघत राहिले. तेवढ्यात माझ्या पायाशी बसलेली मनकर्णाबाई उठली.

"म्याच सांगतलं होतं तिले. जायले जागा नसते म्हणून. मले वाटे, पोरीची लाज राखून राह्यली मी." एवढं बोलून ती चिमीला कडेवर घेऊन बाहेर गेली.

मला तिचा राग आला नाही. वीस वर्षं ती स्वतःही तेवढंच पीत आली होती.

दुसऱ्या दिवशी मी खोलीवर पडून होते, तेव्हा मनकर्णाबाईनं बांधकामासमोरच्या गल्लीतलं हिरवं दार वाजवलं. तिथे शिलाईकाम करणाऱ्या रशिदाभाभी राहतात. रंभा सोबत गेली होती, तिला सगळं पाठ आहे.

"पाणी पाहिजे का, बाई?" रशिदाभाभींनी विचारलं.

"पाणी हाय आमच्याजवळ. तुमचं संडास पाहिजे. आम्ही तिघी बाया आहो. रोज धुऊन देऊ."

रशिदाभाभींनी समोरच्या बांधकामाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "काम कबसे चालू आहे तुमचं?"

"फेब्रुवारीपासून."

"आणि आज येऊन राह्यल्या? मी रोज खिडकीतून पाहत होती तुम्हाले. वाटलं, काही तरी सोय असनच." त्यांनी दार पूर्ण उघडलं. "धुवायचं नंतर पाहू. आधी जाऊन या."

दहा दिवसांनी मी कामावर परतले, तेव्हा दुपारच्या उन्हातलं काम देवरावनं बंद केलं होतं. अकराला सुट्टी, चारला पुन्हा सुरू. हिरव्या दाराला दिवसा आतून कडी नसते. चिमीची झोळी आता रशिदाभाभींच्या कूलरसमोर असते, मशीनच्या आवाजात ती मस्त झोपते. उठली की मला हाक येते. पोट भरून पिते आता. ओढणं नाही, रडणं नाही.

त्या खांबाला केसाएवढा तडा गेला होता, म्हणे. देवरावनं तो लिंपून टाकला. जाता-येता मी तिथे हात लावते.

मनकर्णाबाई दर तासाला गिलास घेऊन येते.

"पे."

"पेली, बाई."

"माह्यासमोर पे."

काल मी प्याले, गिलास पुन्हा भरला आणि तिच्यापुढे धरला. तिनं आधी इकडेतिकडे पाहिलं. मग गटागटा सगळा प्याली, पदरानं तोंड पुसलं, आणि थोड्या वेळानं हिरव्या दाराकडे सावकाश चालत गेली.