माझ्यात सगळे बघतात

“काय रे आरशा, तुला खरंच दिसतं, की तू नुसताच समोर असतोस?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून शिवणवाल्या बाईंच्या शाळकरी लेकीने भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मला हे विचारलं. घरात तिला सगळे धांदल म्हणतात. मैत्रिणी दाराबाहेर तोंड दाबून हसत होत्या. मित्रांनो, मला दिसतं. फक्त बोलता येत नाही. त्यापायी माझी केवढी घुसमट झाली ते ऐका.

मी या दुकानातला जुना, पुरुषभर उंचीचा आरसा. कारखान्यात माझ्या पाठीवर चकचकीत लेप चढला, सुताराने जाड लाकडी चौकट बसवली आणि मी इथे आलो. काय माझा रुबाब होता! नवे कपडे घालून माणसं माझ्यासमोर गिरक्या घेत, पोट आत ओढत. शाबासकी धांदलीच्या आईला मिळे, थोडी मीही लाटत असे. माझ्यात सगळे बघत. माझ्याकडे मात्र कुणीच बघत नसे.

पुढे आईचे गुडघे कुरकुरू लागले. खाली वाकणं बंद झालं. मग तिने स्वतःच एक युक्ती काढली. स्टुलावर बसून ती माझ्यात बघे, गिऱ्हाइकाने घातलेल्या स्कर्टची खालची कड माझ्या चौकटीच्या खालच्या पट्टीशी जुळवे आणि खडूने खूण करी. छान चाललं होतं. मग बाबांनी भिंत रंगवली, मला पुन्हा टांगलं आणि दोन पावलं मागेही न सरकता जाहीर केलं, “एकदम सरळ.”

तिथून तक्रारी सुरू झाल्या.

“अहो, हा एका बाजूने गुडघ्यावर, दुसऱ्या बाजूने पोटरीवर,” बँकेतल्या काकू स्कर्ट परत देत म्हणाल्या. “मी लंगडते असं वाटलं का तुम्हाला?”

मग नर्सताई आल्या. मग गाणं शिकवणाऱ्या बाई. त्या संध्याकाळी आई मशीनवर झाकण घालत म्हणाली, “माझे डोळे गेले. लोकांचं कापड बिघडवण्यापेक्षा दुकान बंद करते.”

बाबा नुसता चष्मा पुसत राहिले. मी भिंतीवर तडफडत होतो.

धांदलीने परत आलेले तिन्ही स्कर्ट पुढची बाजू समोर ठेवून दोरीवर टांगले आणि त्यांच्या खालच्या कडा निरखल्या.

“आई, तिन्ही डावीकडेच आखूड आहेत,” ती म्हणाली. “डोळे गेले असते तर चूक कधी इकडे, कधी तिकडे झाली असती ना?”

“मग काय, भिंत गेली?” बाबा म्हणाले.

तिने भिंतीकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझ्यात नाही हं, माझ्याकडे. दोऱ्याला कात्री बांधून तिने ती चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून खाली सोडली. खाली पोचेपर्यंत दोरा चौकटीपासून चांगला दोन बोटं लांब गेला होता.

“एकदम सरळ,” आई म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली.

बाबांनी निमूटपणे खिळा बदलला. माझा जीव भांड्यात पडला. मित्रांनो, आम्हाला वापरता, तसं कधीतरी नुसतं बघतही जा. हात लावून पाहा, हलतोय का, कललोय का. आम्हाला हाक मारता येत नाही.

आई काकूंचा स्कर्ट उसवायला बसलीसुद्धा. धांदल कमरेवर हात ठेवून दोघांसमोर उभी राहिली.

“आई, बाबा, ऐका. उद्यापासून शाळा सुटली की मी रोज दुकानात येणार. शिवायला नाही, सुई मला टोचते. कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर कसा बसतो ते बघायला. आणि बाबा, तुम्ही घरात जे जे टांगलंय, ते सगळं मी आजच तपासणार आहे.”