गेरूचं बोट

नवरा कुंदन सुरतच्या कामावरून आला तेव्हा पुनमनं कंडोमचा हट्ट धरला होता. तरी सकाळी त्याच्या मांडीवरचे पाण्यानं भरलेले फोड पाहून तिनं दवाखाना गाठला.

जळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हर्पीस असेल तर कंडोमनं धोका कमी होतो, जात नाही. त्यांना आणा, फोडांचं पाणी बाळाला लागू देऊ नका."

घरी पुनमनं दवाखान्याचं नाव काढताच कुंदन "उष्णता आहे गं" म्हणत आईसमोर मांडी उघडून बसला.

"नागीण शे," म्हणत सासूनं, भागाबाईंनी, बोटानं फोडांवर गेरू थापला आणि त्याच बोटानं नातवाच्या गालावर तीट लावली.

"आई, हात धुवा ना आधी!"

"मना हातले काय व्हयनं वं, कालेजवाली?"

पुनम पदरानं गाल पुसू लागली. गेरू बाळाच्या ओठांपर्यंत पसरला.