सन दोन हजार साठचा तलाव

आमच्या नाटक मंडळीत रोबोट मी आणला. आमच्या अमर या नटाच्या अंगाला जुन्या कूलरचा पत्रा बांधला, छातीवर लाल दिवा बसवला आणि सन दोन हजार साठमधलं नाटक लिहिलं. वडशाच्या आमच्या निर्मात्याने ते वाचून एवढंच विचारलं, रडण्याचा प्रसंग कुठे आहे? आमच्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत रात्रभर नाटक बघणारी माणसं डोळे पुसल्याशिवाय घरी जात नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण पत्र्याला रडवायचं कसं? मग चिडून मी एक ढिवराची, म्हणजे मासेमाराची, बाई घातली. ती म्हातारपणी गावी परतते, तर तलावाच्या जागी वीजकेंद्राच्या राखेचं मैदान. सवयीने ती तिथेच जाळं फेकते आणि रोबोट येऊन तिला हुसकावतो. माझ्या मते नाटकातला सगळ्यात स्वस्त प्रसंग तो.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, प्रयोगासाठी आम्ही चंद्रपूरच्या अलीकडच्या एका गावी गेलो. नाव सांगत नाही. तिथला सरपंच देवाजी अजून माझ्याशी बोलत नाही. ढिवराची बाई झालेल्या रुपालीने कोरड्या मातीत जाळं फेकलं आणि मांडव असा गप्प झाला, की मला वाटलं माईक गेला. रोबोटला मात्र एक टाळी पडली नाही. लेखक म्हणून मला ते फार लागलं.

सकाळी आमचा चहा मनकर्णाबाईंच्या घरी होता. हे घर पिढ्यान्‌पिढ्या तलावाच्या मासोळीवर जगलेलं. रोबोटचं कौतुक ऐकायला मी कान टवकारून बसलो होतो. बाईंनी कप पुढे केला आणि विचारलं, "तलाव कोनं विकला?"

मी समजावलं, की बाई, ही कल्पना आहे, साठ साल अजून लांब आहे. मग यंत्रयुग, मानवाचं भवितव्य, असं बरंच काही बोललो.

"साठमधी मी कुठी राहीन, भाऊ? आताच सांगून दे."

मी खरं काय ते सांगितलं. विकणाऱ्याचं पात्र मी लिहिलंच नव्हतं. बाईंना ते पटेना. राख आपोआप येते काय, कोणीतरी हो म्हटलंच असेल, असं म्हणत त्या उठल्या. माझा चहा निवेपर्यंत ढिवर मोहल्ला जाळी खांद्यावर टाकून ग्रामपंचायतीकडे निघाला होता. मी मागे धावलो. लोकांनी नाटक खरं मानावं असं मला जन्मभर वाटत आलं, पण इतकं नाही.

देवाजी ओट्यावर कडुनिंबाच्या काडीने दात घासत होता. एवढी जाळी बघून त्याने कोणाला काही विचारलं नाही. सरळ माझ्या अंगावर आला.

"प्रफुल, तुले कोनं सांगतलं? अजून तं सही बी नाई झाली."

बोलून गेल्यावर त्याला मागे उभ्या मनकर्णाबाई दिसल्या. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एका वीज कंपनीला राख टाकायला जागा हवी होती. तलाव गाळाने भरलाय असं दाखवायचं ठरलं होतं, आणि ग्रामसभा येत्या सोमवारी, धानकापणीच्या ऐन घाईत ठेवली होती, म्हणजे कोणी फिरकणार नाही. भविष्य लिहिलं म्हणून मी ऐटीत होतो आणि गोष्ट सोमवारची निघाली.

त्या सोमवारी कापणी सोडून अख्खं गाव सभेला आलं. मीही गेलो. तलाव देण्याचा ठराव बारगळला. निघताना बाईंनी माझ्या हातात मासोळीची पिशवी दिली. मी खुशीत म्हटलं, पुढच्या प्रयोगात तलावात पाणी भरतो, रुपालीच्या जाळ्यात मोठी मासोळी दाखवतो. आणि रोबोट कसा वाटला, तेही जाता जाता विचारून घेतलं.

"कोरडाच ठेव," बाई म्हणाल्या. "अन् दरसाल आण. सरपंच तं बदलत राह्यते."

रोबोटबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.