नाकातलं शिसं

आश्विनातली सकाळ. थळच्या किनाऱ्यावरून ओहोटीचं पाणी मागे सरलेलं, ओल्या वाळूवर सोनसळी ऊन सांडलेलं. निळ्या, निवळ, निरभ्र आकाशात आज एकही ढग नव्हता.

त्या उन्हात, ओटीवरच्या मेजावर, एक रुपेरी विमान होतं. वीतभर लांबीचं, प्लॅस्टिकचं, जुन्या नॅट लढाऊ विमानाची हुबेहूब प्रतिकृती. हसुराम चोगल्यांनी तरुणपणी हवाई दलात खऱ्याखुऱ्या नॅट विमानांची देखभाल केली होती. तपासणी झाली की ते वैमानिकाला उजवा अंगठा उंचावून दाखवत, आणि मगच ते रजतपंखी यान जागचं हले.

गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि तोच अंगठा लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, "बारीक काम आता विसरा."

विसरतील तर ते चोगले कसले. त्यांनी सुट्या भागांचा हा संच मागवला. चार महिने तोच थरथरता हात, तोच हट्टी हात, तोच उजवा हात त्यांनी रोज कामाला जुंपला. पंख जडले, काच बसली, रंग चढला. विमान तीन चाकांवर उभं राहिलं की हात परत आपला, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

आज ते मेजावर ठेवलं, तर मागे कलंडलं. नाक नभाकडे, शेपूट मेजावर. नाकात वजन भरायचं राहून गेलं होतं, आणि आता सगळं अंग चिकटवून झालं होतं.

"हातच नाही, डोकंही गेलं," चोगले पुटपुटले. त्यांचे डोळे भरून आले.

त्यांची बायको द्रौपदाबाई शेजारी जाळं सांधत होती. तिने मान वर केली. "शिसा नाय लावला त जाला तरी पान्यात उभा र्‍हातो का? नाकात शिसा घाला."

तिने सासऱ्यांच्या जुन्या जाळ्यातली शिशाची गोळी तोडली, कोयतीने तिचे कण केले. त्याच जाळ्याकडे पाठ फिरवून हसुराम विमानांकडे गेला, म्हणून बाप वर्षभर त्याच्याशी बोलला नव्हता.

विमान डाव्या हातात. बारीक गिरमिट उजव्या हातात. पुढच्या चाकाच्या खोबणीत टोक टेकलं. थरथर, थांब. थरथर, थांब. घसरलं असतं तर नाक फुटलं असतं. घसरलं नाही. तांदळाएवढं भोक पडलं, आणि एकेक कण, एकेक थेंब डिंक, शिसं आत गेलं.

चोगल्यांनी विमान मेजावर ठेवलं. शेपूट क्षणभर रेंगाळलं, मग वर उठलं. पुढचं चाक टेकलं.

"र्‍हायला ना उभा?" द्रौपदाबाई म्हणाली, आणि पुन्हा जाळ्यात मान घातली.

समोर निळा समुद्र, वर निळं आकाश. बापाच्या जाळ्याचं शिसं नाकात घेऊन रुपेरी विमान तीन चाकांवर ताठ उभं होतं. आणि त्याच्यासमोर हळूहळू, थरथरत, थांबत, पुन्हा थरथरत, हसुराम चोगल्यांचा उजवा अंगठा वर गेला.