वाटणीआधी

पप्पा गेले आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या अपघाताच्या केसची भरपाई मंजूर झाली. केस जिंकली तर वकील नॉर्बर्ट अंकलना चौथा हिस्सा, असा करार होता. पप्पांच्या इस्टेटची जबाबदारी त्यांच्या मुलीवर, बियांकावर होती.

"करार पप्पांचा. तेच नाहीत, तर फी कसली?" तिचा भाऊ लिओनेल म्हणाला.

"भर बर्फात रिपोर्ट गोळा करत फिरले अंकल. ती मेहनतही पप्पांबरोबर गेली का?"

"त्यांनी तरी कुठे मागितलीय?"

खरंच, मित्राच्या मुलांकडे मागायला अंकलना संकोच वाटत होता. बियांकाने त्यांना मार्कहॅमला फोन लावला.

"अंकल, तुमच्या फीचा क्लेम पाठवा. नाहीतर मिल्टनहून येऊन तुमच्या ऑफिसात ठाण मांडीन."

"लिओनेल रागावेल, बाळा."

"रागावू दे. वाटणी तुमची फी दिल्यावरच होईल."