वायसरच्या मांडीचं पंक्चर

टायरमामाच्या पंक्चरच्या दुकानासमोरून माणसं तोंड मिटून जात, असं सांगतात. उघडं भोक दिसलं की मामाला त्यावर ठिगळ मारल्याशिवाय चैन पडत नसे. यात थोडं तिखटमीठ असेल, नाही कोण म्हणतं? पण घरातली उंदरांची बिळं त्याने ट्यूबच्या तुकड्यांनी अशी बुजवली होती, की उंदरांनी शेजारी बिऱ्हाड केलं. हे तर शेजाऱ्यांनीच रडत रडत सांगितलेलं.

अशा माणसाच्या कुत्र्यालाच भोक पडलं.

कुत्र्याचं नाव वायसर. पिल्लू असताना तो नाक शेपटीला लावून असा गोल झोपायचा, की मामाने एकदा त्याला नटाखालच्या वायसर-चकत्यांच्या डब्याशेजारी शोधला आणि तो डब्यातच सापडला. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं; जे काही लाड होते ते या चार पायांवर. एका सकाळी त्यातला मागचा डावा पाय उचलून धरत वायसर घरी आला. मामाने त्याला दुकानाच्या पायरीवर आडवा घातला, केस बाजूला सारले, तर मांडीवर मसुराच्या दाण्याएवढं भोक. कुठल्यातरी कुंपणाची गंजकी तार घुसली होती.

"डॉक्टरीणबाईंकडे न्या त्याला," मामी म्हणाली.

"एवढ्याशा पंक्चरला डॉक्टर? अठ्ठावीस वर्षं मी काय इथे चिंचोके खेळतोय?"

जनावरांची डॉक्टरीण दोनच गल्ल्या पलीकडे बसायची. पण आळीत डॉक्टर एक असला तर वैद्य शंभर. पहिला आला शेजारच्या दुकानातला न्हावी.

"मामा, तुरटी फिरवा. एवढे गाल माझ्या वस्तऱ्याखालून गेले, एकही पिकला नाही."

"गिऱ्हाईक परत आलं तर कळणार ना, पिकला की नाही ते!" मामी आतून म्हणाली.

तुरटी लागताच वायसर कोकलत बाकाखाली गेला. त्याला बाहेर काढून मामीने हळद आणि मधाचा लेप लावला. वायसरने तो चाटून साफ केला आणि पिवळी जीभ बाहेर काढून सगळ्यांकडे पाहिलं. पुन्हा लेप, पुन्हा जीभ. मधल्या वेळात मामा दर घटकेला वाकून बघायचा.

"पी हळद अन् हो गोरी, असं नसतं हो," मामी म्हणाली.

दुपारी निवृत्त पोस्टमास्तर आले. त्यांच्या खिशात साऱ्या जगाच्या दुखण्यावर पांढऱ्या गोड गोळ्या असत. "चार गोळ्या जिभेवर, टायरराव, आणि मग चमत्कार बघा." वायसरने चार नाही, अख्खी बाटली संपवली आणि शेपूट हलवून आणखी मागितली.

"बघा," पोस्टमास्तर म्हणाले, "गुण आला."

पण खरी अडचण चाटण्याची होती. औषध टिकेचना. तेव्हा मामाच्या डोक्यात जी कल्पना आली, ती दुसऱ्या कोणाच्या बापाच्या डोक्यात आली नसती. त्याने जुन्या ट्यूबची चार बोटं रुंद पट्टी कापली, साबणाने धुतली, मांडीवर लेपाचा गोळा थापला आणि वरून पट्टी अशी ताणून गुंडाळली की काय बिशाद माशी बसेल.

"माशी कसली, हवासुद्धा जाणार नाही!" तो म्हणाला.

न्हाव्याने पट्टीला टिचकी मारून पाहिली. पोस्टमास्तरांनी चष्मा वर करून पाहिली. दोन दिवस लोक वायसरची मांडी बघायला येत होते आणि मामा, मिशी नसताना, मिशीवरून हात फिरवत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी वायसरने भाकरीकडे पाठ केली. मामीने जवळ बसून त्याचं अंग हुंगलं आणि तिचा चेहरा उतरला.

"अहो, वास येतोय. सोडा ती पट्टी."

मामाने पट्टी सोडली, लेप खरवडला आणि आनंदाने ओरडलाच, "अगं, बुजलं! बघ, भोक बुजलं!"

खरंच बुजलं होतं. वर घट्ट खपली होती. पण मामाचा हात जरा खाली सरकला आणि तिथेच थांबला. मांडी तापलेल्या तव्यासारखी होती. आणि एका बाजूला फुगवटा. असा फुगवटा मामाने शेकडो टायरांवर पाहिला होता. वरून रबर धड, आतून धागा तुटलेला. अशा टायरला ठिगळ मारत नाहीत. फुटेल म्हणून लांब उभं राहतात.

त्याने फुगवट्यावर हलकेच बोट दाबलं. वायसरने मान वळवूनही पाहिलं नाही.

मामाने सायकलच्या मागे खोकं बांधलं आणि चालत चालत सायकल ढकलली. मामी वायसरचं डोकं धरून बाजूने चालली. दोन गल्ल्यांचं अंतर, पण त्या दिवशी कोणीतरी रस्ता ओढून लांब केला होता.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, हाताने चपळ. त्यांनी ताप पाहिला, केस कापले आणि विचारलं, "काका, कशाने बांधलं होतं?"

"ट्यूबने."

"कसल्या ट्यूबने?"

"सायकलच्या."

बाईंनी कात्री खाली ठेवली. "तार आत घाण सोडून गेली होती. ती बाहेर यायला एकच वाट होती. ती तुम्ही बंद केलीत."

"मला वाटलं, भोक आहे म्हणजे..."

"आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला," मामी पुटपुटली, आणि लगेच पदर तोंडाला लावून रडायला लागली.

बाईंनी वायसरला सुई देऊन झोपवलं, खपली काढली, जखम मोठी केली. आतून जे आलं ते सांगण्यासारखं नाही. मामा ते पाहत उभा राहिला. नजर फिरवायची त्याची छाती झाली नाही. धुऊन झाल्यावर बाईंनी जखमेत एक मऊ पट्टी अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवली, वाट मिटू नये म्हणून.

"आता मी काय करू?" मामाने विचारलं.

"वेळेवर औषध. मिठाच्या कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने भोवतालचं पुसायचं. चाटू द्यायचं नाही, त्यासाठी घातलेलं हे शंकूसारखं गळपट्टं काढायचं नाही. बाकी काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"गळू द्यायचं, काका. पुसायचं, पुन्हा गळू द्यायचं. विष किती पसरलंय ते उद्यापर्यंत कळेल."

दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायला नेलं, तेव्हाही ताप उतरला नव्हता. "अजून सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी वायसर चार घोट पाणी प्यायला. बाईंनी ताप मोजला, मान हलवली. "जीव वाचेल असं वाटतंय. पायाचं मात्र आठवड्याने बघू. मांस बरंच सडलंय. ठेवायचा की काढायचा, ते तेव्हा."

"माझ्या हाताने करण्यासारखं काहीच नाही?"

"तेच तर अवघड आहे."

घरी आल्यावर उंटावरचे शहाणे जमलेच. न्हाव्याने तुरटी आणली नव्हती, नुसताच उभा राहिला. पोस्टमास्तरांनी खिशात हात घातला, मामीकडे पाहिलं आणि हात रिकामाच बाहेर काढला. थोड्या वेळाने दोघं निघून गेले.

बाहेर एक बाई पंक्चर सायकल घेऊन उभी होती. मामाने तिला पुढच्या चौकातल्या दुकानाचा पत्ता सांगितला. असं त्याने आजवर कधी केलं नव्हतं. मग तो पोत्यावर वायसरशेजारी बसला. मांडीवरची जखम उघडी होती. पट्टीच्या टोकाशी एक थेंब जमला, लांबला, खालच्या फडक्यावर पडला. दुसरा जमायला लागला. मामाने पुसलं. तिसरा आला.

बसल्या बसल्या मामाचा अंगठा, त्याला न विचारता, उचलला गेला आणि जखमेच्या तोंडाकडे निघाला. मामीने तो मधेच पकडला.

"अहो."

"दाबत नव्हतो गं."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि तिने तो अंगठा मुठीत घट्ट धरून ठेवला. चौथा थेंब जमत होता.